गरम झाल्यावरच येणारा फॉल्ट

यंदाही वैशाख आला आणि आमच्या गारखेड्यातल्या गल्ल्या पुन्हा खोदायला घेतल्या. सकाळी चहाचा कप हातात घेतला की पलीकडच्या कॉलनीतून पोकलेनचा आवाज येतो. आधी इंजिनाची एकसुरी घुरघुर, मग बकेट कातळावर घासल्याचा तो दातांत कळ आणणारा खर्रर्र. लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, धडाधड खिडक्या लागतात, धुळीच्या नावानं शिव्याशाप सुरू होतात. माझं उलटं आहे. आवाज चालू आहे तोवर मी निवांत असतो. तो मध्येच थांबला की मी कप तसाच हातात धरून कान देऊन बसतो.

"अहो, चहाचं पाणी झालं," सुनंदा म्हणते. ही माझी बायको. "थांबलं असेल मशीन. माणसं बिडी ओढत असतील. तुमचं काय अडलंय?"

माझं काय अडलंय ते तिला चांगलं माहीत आहे. त्या उन्हाळ्यात तीही तिथंच होती, हातात बादली घेऊन. पण बायकोनं नवऱ्याला टोचायचं असतं, ते ती चुकवत नाही.

पोटापाण्याचं म्हणाल तर मी या मशिनींचा इलेक्ट्रिशन. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील सरकारी कचेरीत कारकून होते, आणि मी पोकलेनच्या पोटात डोकं घालून वायरी हुंगतो. हुंगतो हे गमतीनं म्हणत नाही. पावसानं गंजलेल्या प्लगचा वास वेगळा, उंदरानं कुरतडलेल्या वायरीचा वेगळा आणि जळलेल्या कॉइलचा तर फारच वेगळा. तो गोडसर, जीव कोंडणारा वास एकदा नाकात बसला की जेवताना भाताच्या वाफेतसुद्धा येतो. वडील शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिले, "हा इंजिनिअरिंगमध्ये आहे." मी शेजारी बसून हाताला रॉकेल चोळत असायचो.

पोकलेन म्हणजे नुसतं तेल आणि लोखंड, असं लोकांना वाटतं. तो अजस्र हात तेलाच्या दाबावर हलतो हे खरंच. पण त्या तेलानं हलायचं का नाही, हे ठरवते बोटापेक्षा बारीक वायर. सीटच्या बाजूला एक लाल मुठीचा दांडा असतो. ऑपरेटर बसला की तो दांडा खाली करतो, आणि मागं कुठंतरी काडेपेटीएवढ्या कॉइलमध्ये वीज जाते. कॉइल 'टक' करून झडप उघडते आणि मशीनच्या हातात जीव येतो. उतरताना दांडा वर केला की जीव गेला. मग चुकून कुणाचा कोपर हात हलवायच्या लिव्हरला लागला तरी मशीन हलायचं नाही. एवढीच सगळी करामत. ती 'टक' आली नाही तर इंजिन कितीही बोंबलू द्या, हात आहे तिथंच राहतो.

आणि ती 'टक' येईनाशी झाली, तर कधी होईल? थंडीत, सकाळी, चार माणसं चहा पीत असताना नाही होणार. वैशाखात, दुपारी, डोक्यावर ऊन आणि तेल उकळायला आल्यावर होणार. मशीन वर्कशॉपला आणलं की ते शहाण्या पोरासारखं वागतं. मालक माझ्याकडं संशयानं बघतो, मी मशीनकडं. गरम झाल्यावरच येणारा फॉल्ट! या धंद्यात मला त्याच्याइतकी कशाचीच चीड नाही. नाही, आणखी एका गोष्टीची आहे. 'डायरेक्ट'ची.

आमच्या भागात कुठल्याही साइटवर जा, हा शब्द ऐकायला मिळेल. लाल दांड्याखालचं बटण त्रास द्यायला लागलं? डायरेक्ट मारा. म्हणजे बटण काढून टाका आणि बॅटरीची वायर सरळ कॉइलला जोडा. काम अडायला नको! दांडा वर असो का खाली, मशीन जिवंत. वर काळी टेप गुंडाळायची, झालं. कुणी मला फोनवर म्हणालं, "काका, तात्पुरतं डायरेक्ट करून देता का?" तर मी फोन ठेवून देतो. सुनंदा म्हणते, गिऱ्हाईक असंच तोडता तुम्ही. तोडतो. तात्पुरतं म्हणे! या गावात तात्पुरतं केलेलं कधी कुणी काढलंय?

तो उन्हाळा लई वाईट होता. तसा आमच्या शहरात पाण्याचा उन्हाळा दरवर्षीच वाईट. नळाला पाणी यायचं म्हणजे सणच. ते कधी येईल याचा अंदाज बांधण्यात बायकांच्या दुपारी जायच्या. ड्रम, बादल्या, घागरी, पोरांच्या आंघोळीचा टब, घरात जे जे पोकळ असेल ते भरून ठेवायचं. आंघोळीचं पाणी झाडाला, भाजी धुतलेलं पाणी अंगणाला. सुनंदा तर मी हात धुताना ड्रमपाशी उभी राहायची, पहारेकऱ्यासारखी. आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीत मोठी पाइपलाइन टाकायचं काम निघालं. धूळ झाली तरी कुणी तक्रार केली नाही. उलट बायका खोदणाऱ्यांना ताक नेऊन द्यायच्या. पाणी येणार होतं ना.

चर खोल होता. वरचा मुरूम संपला की खाली काळा कातळ, फोडताना ठिणग्या उडायच्या. पाइप पट्ट्यानं बकेटच्या हुकाला टांगायचा, पोकलेननं उचलून हळूहळू चरात सोडायचा, आणि खाली उभ्या माणसानं त्याचं तोंड आधीच्या पाइपात बसवून घ्यायचं. खालचा माणूस म्हणजे रशीदभाई. शहागंजचे, पन्नाशीचे, पांढरी दाढी, बोलणं कमी. पाइपाला हात लावून तो सरळ बसलाय का वाकडा, ते डोळे मिटून सांगायचे. वर पोकलेनवर विष्णू, पैठणकडचा गडी, तोंडाचा मोकळा. दोघांचं चांगलं जमायचं. विष्णू पाइप सोडताना वरून ओरडायचा, "चच्चा, झेला!" आणि रशीदभाई खालून हात हलवायचे. मी दुपारी जेवायला घरी आलो की गॅलरीतून हे बघत बसायचो. त्या वेळी मला ते बघायला आवडायचं.

त्या दुपारी जेवून जरा लवंडलो होतो. पंखा गरम हवा ढवळत होता. झोपेतच मला काहीतरी बिनसल्याचं जाणवलं. इंजिन चालू होतं, पण त्याच्या आवाजावर भार नव्हता. मशीन काम करत असताना इंजिन दबतं, पुन्हा उठतं. ते नुसतंच घुरघुरत होतं. आणि मग माणसांचा कालवा.

"काका! ओ काका! पळा!"

चप्पल न घालताच धावलो. रस्ता तव्यासारखा तापला होता, पण त्याची आठवण संध्याकाळी पायाला फोड आल्यावर झाली. पोकलेन गल्लीच्या तोंडाशी आडवं उभं, हात चरावर पसरलेला, आणि बकेटला टांगलेला पाइप अर्धा खाली गेलेला. पट्टा एका बाजूनं सरकून पाइपाचं एक टोक खाली कललं होतं. त्या टोकाखाली, कातळाच्या भिंतीला चिकटून, रशीदभाई. डावा पाय गुडघ्याखाली पाइप आणि दगड यांच्यात सापडलेला.

"उचल ना रे वर!" मी ओरडलो.

"उचलंनाच काका!" विष्णू केबिनमधून रडवेला होऊन सांगत होता. "हातच मेला मशीनचा. लई वढलं. इंजिन चालूये, पण काईच व्हईना!"

पाइपाचा बराचसा भार अजून पट्ट्यावर होता, म्हणून पाय शाबूत होता. पण ते मशीन जुनं. अशा मशीनचा हात बंद पडला तरी जागच्या जागी राहत नाही. सिलिंडरच्या आतून तेल झिरपत राहतं आणि हात हळूहळू खाली बसतो. डोळ्याला दिसत नाही, पण बसतो. हात जितका बसेल तितका पट्टा ढिला होणार आणि पाइपाचा भार पायावर येणार. हे मला कळलं, विष्णूला कळलं. रशीदभाईंना तर आमच्या आधी कळलं असणार.

पहारी घालून पाइप उचलायचा प्रयत्न झाला. तो रेसभर हलला आणि पायाकडंच घरंगळला. लोक ओरडले, पहारी काढल्या. क्रेनला फोन झाला होता, अग्निशामकवाल्यांनाही, पण गल्लीच्या तोंडात हेच धूड अडकलेलं. दुसरं मशीन आत येणार कुठून?

आणि सुपरवायझर, साइटवरचा टोपीवाला, माझ्या कानात ओरडत होता, "डायरेक्ट मारा ना हो! डायरेक्ट मारा! बघत काय बसलाय?"

मग सगळेच ओरडायला लागले. डायरेक्ट! डायरेक्ट! संकटात लोकांना एकच शब्द सापडतो आणि तो सगळे मिळून वापरतात.

मला राग आला की माझं डोकं थंड होतं. उलटं आहे, पण तसं आहे. लग्नाच्या मांडवात, मयताच्या घरी मी कामाचा माणूस नाही. पण कुणी मला चुकीच्या कामाची घाई केली की माझी बोटं आपोआप बरोबर चालतात. "सगळे गप बसा," मी म्हणालो. "आणि विष्णू, तू लिव्हरवरचे हात काढ. दोन्ही. वर धर, मला दिसू दे."

हे आधी करणं भाग होतं. मशीनमध्ये अचानक जीव आला आणि त्या क्षणी विष्णू घाबरून लिव्हर ओढत असला, तर हात झटक्यानं उडाला असता. वर उडाला तरी पाइप झोका घेऊन रशीदभाईंवरच आला असता. विष्णूनं हात वर धरले.

लाल दांडा वर-खाली केला. 'टक' नाही. फ्यूज काढून उन्हात धरून बघितला, शाबूत. मग मागचं झाकण उघडलं. आतून अशी वाफ आली की डोळे चुरचुरले. झडपांची ओळ समोर होती, एकेका झडपेवर एकेक कॉइल. माझ्याकडं टेस्टिंगचा बल्ब असतो, साइडलाइटचा, दोन वायरी जोडलेला. महागाचा मीटरही आहे, पण घाईत मी बल्बवरच भरवसा ठेवतो. कॉइलचा प्लग काढून बल्ब लावला.

बल्ब पेटला. चांगला लख्ख पेटला.

म्हणजे वीज येत होती. वायर तुटली नव्हती, काहीच तुटलं नव्हतं. त्या वायरीच्या मागं मागं बोट नेलं तर सीटखाली काळी टेप. अरे, हे तर आधीच डायरेक्ट होतं! कधीतरी, कुणीतरी, काम अडू नये म्हणून. लोक ज्याच्या नावानं गळा काढत होते, ते त्या मशीनमध्ये आधीपासून बसलेलं होतं. त्यामुळं त्या कॉइलला सुट्टीच नव्हती. विष्णू जेवायला उतरो, पाणी प्यायला उतरो, चावी चालू आहे तोवर वीज तिच्यातून जातच राहायची. अशा उन्हात, अशा तेलाशेजारी. मी तिच्यावर बोट टेकवलं आणि बोट भाजलं. आणि मग तो वास आला. गोडसर.

कॉइल मेली होती. नवी कॉइल म्हणजे बाजारात जाणं, दुकान उघडं असणं, त्याच्याकडं नेमकी तीच असणं. तेवढा वेळ कुणाकडं होता?

तेव्हा मी एकदाच खाली बघितलं. रशीदभाई माझ्याकडंच बघत होते. चेहरा राखेसारखा. वर इतका गोंगाट चाललेला, आणि तो माणूस खाली गप्प. हूं नाही का चूं नाही. मी विचारलं, "रशीदभाई, कसं आहे?" त्यांनी नुसती मान हलवली. ओठ मिटलेले. दुखत असलं की माणूस ओरडतो. ओरडायचा थांबला की मगच भ्यायचं, असं मी मानत आलोय. हा माणूस जातोय, असं मला वाटलं. त्यानंतर मी खाली बघितलं नाही.

पोकलेनमध्ये एक बटण असतं, त्यावर सशाचं आणि कासवाचं चित्र. ससा दाबला की मशीन रस्त्यानं जोरात पळतं, कासव दाबलं की सावकाश. त्या चालीची झडप याच ओळीत, अगदी शेजारी असते, आणि तिच्यावरची कॉइल हुबेहूब अशीच. मशीनला चालायचं नव्हतंच. म्हणून शेजारणीची कॉइल काढून हिच्यावर घालायची ठरवली.

शेजारची सहज निघाली. मेलेली मात्र निघेना. वरचं नट उष्णतेनं जॅम झालेलं, पाना घसरतोय, हात लावला की चटका. कापड गुंडाळलं तर पकड येईना. मी सुनंदाला हाक मारली का नाही, मला आठवत नाही. ती म्हणते, मारली नाही. पण ती बादली घेऊन उभी होती, आणि तिच्यामागं गल्लीतल्या बायका, कुणाच्या हातात घागर, कुणाच्या हातात टब.

"कुठं ओतू?" ती म्हणाली.

"इथं. नटावर. हळू."

जी बाई मला हात धुताना मोजून पाणी द्यायची, तिनं बादली रिकामी केली. मग दुसरीनं घागर. चर्रर्र करून वाफ उठायची, पाणी तेलकट होऊन खाली मातीत जायचं. कुणी हळहळलं नाही. आणि मग पाना धरला असता नट कुरकुरलं. सरकलं. मेलेली कॉइल मी काढून मागं भिरकावली. कुणाला लागली का ते बघायलासुद्धा वळलो नाही.

शेजारणीची घातली. नट आवळलं. प्लग हातात धरला आणि ओरडलो, "विष्णू, हात?"

"वरच हायेत काका!"

प्लग लावला.

टक.

देवाशप्पथ सांगतो, त्या दिवशी तो आवाज मला देवळातल्या घंटेपेक्षा मोठा वाटला. पण विष्णू लिव्हरला हात लावेना. "नाय काका. माझ्यानं नाय व्हणार. चच्चा खाली हायेत. तुमीच उचला." मी? मला वायरी कळतात. पण तो हात बोटभर हलवणं हे विष्णूचं कसब, माझं नाही. मी शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. तो लेकरासारखा मान हलवत राहिला. आणि मग चरातून रशीदभाईंचा आवाज आला. इतक्या वेळात पहिल्यांदा. मोठा नव्हता, पण स्पष्ट होता.

"विष्णू. तू उठा, बेटा. आस्ते से. मैं इधरीच हूं."

विष्णूनं बाहीनं डोळे पुसले. लिव्हर हातात घेतली. पट्टा आधी ताठ झाला, कर्र वाजला. मग पाइप हलला. एक बोट. दोन बोटं. गल्लीत कुणी श्वास घेत नव्हतं. टीचभर फट झाली तशी दोघा-तिघांनी उड्या मारून रशीदभाईंना काखेत धरून बाहेर ओढलं. पाइप हवेत, रशीदभाई जमिनीवर, आणि विष्णू केबिनमध्ये लिव्हर धरून ओक्साबोक्शी रडतोय. "सोड आता, सोड," असं मला त्याला सांगावं लागलं.

पाय वाचला. हाड मोडलं होतं, सळई घातली, बरेच महिने गेले. घोटा आता पुरता वळत नाही. सुपरवायझर दुसऱ्या साइटवर गेला. मी त्या मशीनची टेप सगळ्यांसमोर उपटली, नवं बटण बसवलं, आणि जे तोंडाला आलं ते बोललो. बदललं काय? थोडं. मला अजून फोन येतात. "काका, तात्पुरतं..."

माझ्यातही एक फॉल्ट त्या दिवसापासून बसलाय. इतर वेळी मी बरा असतो. हसतो, भांडतो, गिऱ्हाईक तोडतो. पण वैशाख आला, दुपार तापली आणि कुठल्याशा मशीनचा आवाज मध्येच थांबला की मला ते मिटलेले ओठ दिसतात. त्या गप्प बसण्याची मला जितकी भीती वाटली तितकी आयुष्यात कशाची वाटली नसेल. सुनंदाला हे कधी सांगितलं नाही. तिला कळतं ते वेगळं.

परवा आवाज असाच थांबला आणि मला राहवलं नाही. पलीकडच्या कॉलनीत गेलो. काहीच झालं नव्हतं. पट्टा बदलत होते. मशीनवर विष्णूच होता, केबिनमधून उतरून पाया पडला. आणि चराच्या काठावर, छत्रीखाली खुर्ची टाकून, रशीदभाई. आता ते खाली उतरत नाहीत. वरून हातानं खुणा करतात, आणि त्यांची खूण झाल्याशिवाय विष्णू बोटभर पाइप हलवत नाही.

"आओ भाई, बैठो," म्हणाले. टपरीवाल्यानं चहा आणून दिला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. नातीचं लग्न ठरलंय म्हणाले. मग मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं.

"रशीदभाई, त्या दिवशी तुम्ही इतके गप्प कसे होता? मला वाटलं, तुम्ही चाललात. खरं सांगतो, लई घाबरलो होतो मी."

ते साधंच, हवापाण्यावर बोलावं तसं, म्हणाले, "दर्द तो ऐसा था भाई, के क्या बोलूं. मगर मैं नीचे से तुमारे हाथ देख रा था. मैं चिल्लाता तो वो हाथ कांपते."

चहाचा कप मी खाली ठेवला, कारण आत्ता कुठं माझा हात कापायला लागला होता.